३५० दिवसांचा वाद : दादासाहेब तोरणे आणि ‘पुंडलिक’

१८ मे १९१२, शनिवार. गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘पुंडलिक’ लागला. ३ मे १९१३, पुन्हा शनिवार, आणि त्याच कॉरोनेशनच्या पडद्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दोन्ही मूकपट मराठी माणसांचे. एकाचे कर्ते रामचंद्र गोपाळ तोरणे, दुसऱ्याचे धुंडिराज गोविंद फाळके, आणि लोक दोघांनाही दादासाहेबच म्हणत. मधलं अंतर ३५० दिवसांचं. फाळक्यांच्या नावाने १९६९ पासून देशातला चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान दिला जातो. तोरण्यांचं नाव घेतलं की बहुतेक मराठी घरांत ‘कोण?’ असा प्रश्न येतो.

‘पहिला भारतीय चित्रपट कोणता’ हा वाद त्या ३५० दिवसांत अडकलेला आहे. २०१३ मध्ये सगळा देश भारतीय चित्रपटाची शताब्दी साजरी करत असताना तो मुंबई उच्च न्यायालयाच्या दारातही गेला. तोरणे कुटुंबीय आणि चित्रपट व्यवसायातली काही मंडळी यांचं म्हणणं सरळ होतं : शताब्दी एक वर्ष आधीच होऊन गेली. मला या प्रकरणात निकालापेक्षा निकाल लावण्याच्या कसोट्या महत्त्वाच्या वाटतात. ‘पुंडलिक’ला पहिलेपण नाकारताना जे निकष लावले जातात, ते आपण इतर चित्रपटांना लावतो का, हे एकदा नीट तपासायला हवं.

आधी घडलं काय ते पाहू.

तोरणे मूळचे मालवणकडचे, जन्म १८९०चा. मुंबईत ग्रीव्हज कॉटन कंपनीत नोकरी, आणि जीव अडकलेला नाटकात. श्रीपाद नाटक मंडळीशी त्यांचा जवळचा संबंध होता. रामराव कीर्तिकरांचं ‘श्री पुंडलिक’ नाटक हाताशी होतं. आईवडिलांच्या सेवेत गढलेला पुंडलिक विठ्ठलाला विटेवर थांबवतो, ही कथा पाट्या वाचता न येणाऱ्या प्रेक्षकालाही पहिल्या दृश्यापासून कळणारी. मूकपटासाठी याहून सोयीचा विषय शोधून सापडला नसता. नानासाहेब चित्रे पैसे घेऊन पुढे आले, टिपणीस सोबतीला होते. कॅमेरा आणि तो चालवणारा जॉन्सन नावाचा इंग्रज मिळाला बोर्न अँड शेफर्ड या नावाजलेल्या छायाचित्रण कंपनीकडून. चित्रण मुंबईत झालं, फिल्म धुवायला लंडनला गेली, तयार होऊन परत आली आणि कॉरोनेशनमध्ये लागली. तेव्हा तोरण्यांचं वय अवघं बावीस होतं. चित्रपटाची लांबी साधारण २२ मिनिटांची सांगितली जाते. तो दोन आठवडे चालला.

त्याच सुमारास फाळके काय करत होते, हेही पाहण्यासारखं आहे. बेचाळिशीतले फाळके १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून आले आणि १ एप्रिलला मुंबईत परतले. विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मच्या कडांना छिद्रं पाडण्याचं यंत्र, धुण्याची आणि छापण्याची सामग्री त्यांनी तिथे मागवून ठेवली होती. ती मे महिन्यात, म्हणजे ‘पुंडलिक’ लागला त्याच महिन्यात, मुंबईत पोहोचली. शहराच्या एका टोकाला तोरण्यांचा चित्रपट लोक पाहत होते आणि दादरला फाळके पेट्या उघडून यंत्र जोडत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ला पुढे सहा महिने सत्तावीस दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि मग ३ मेला कॉरोनेशन.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप लंडनचा : फिल्म तिकडे धुतली, मग चित्रपट भारतीय कसा? वरवर हे पटतं. पण याच मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. (त्यातल्या एका पैलवानाचं नावही पुंडलिकच होतं.) कॅमेरा विलायतेहून मागवलेला, फिल्मही धुवायला विलायतेलाच गेलेली. तरीसुद्धा सावेदादांना आपण भारतातले पहिले वार्तापटकार म्हणतो, आणि ते योग्यच आहे. १८९९ मध्ये जी गोष्ट चालते ती १९१२ मध्ये का चालू नये, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. त्या काळी भारतात चांगली प्रयोगशाळा नव्हती. आजारी माणसाचं रक्त परगावी तपासायला पाठवलं म्हणून आजार परगावचा होत नाही.

या आक्षेपाला एक आधार मात्र आहे आणि तो मी लपवणार नाही. प्रभातचा ‘सैरंध्री’, व्ही. शांताराम यांचा, १९३३ मध्ये जर्मनीत रंगीत करून आणला गेला. म्हणून पहिल्या रंगीत चित्रपटाचा मान ‘सैरंध्री’ऐवजी आर्देशीर इराणींच्या कंपनीच्या १९३७च्या ‘किसान कन्या’ला दिला जातो, कारण त्याची रंगप्रक्रिया इथे झाली. म्हणजे परदेशात प्रक्रिया झाली तर पहिलेपण जातं, असा पायंडा आपल्याकडे आहे. पण तो पायंडा कसा लिहिला जातो ते बघा. ‘किसान कन्या’ला आपण ‘भारतात पूर्णपणे तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट’ म्हणतो. ‘सैरंध्री’ इतिहासातून पुसला जात नाही. त्याची नोंद राहते, अट लिहिलेली राहते, वाचणाऱ्याला दोन्ही कळतं. ‘पुंडलिक’च्या वाट्याला निदान एवढं तरी यायला हवं होतं. पाठ्यपुस्तकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्याची ओळच नसते.

इंग्रज कॅमेरामनच्या आक्षेपावर मी फार वेळ घालवणार नाही. ‘आलम आरा’च्या वेळी ध्वनिमुद्रण शिकवायला विल्फर्ड डेमिंग अमेरिकेहून आले होते. बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’चे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग, दोघेही जर्मन. या चित्रपटांच्या भारतीयपणावर कुणी बोट ठेवत नाही. बावीस वर्षांच्या तोरण्यांनी भाड्याने माणूस घेतला, तर तेवढ्याने चित्रपट परका होत नाही.

खरा आणि विचार करायला लावणारा आक्षेप तिसरा आहे : ‘पुंडलिक’ हा चित्रपटच नव्हता, ते नाटकाचं चित्रण होतं. एका जागी ठेवलेला कॅमेरा, समोर नाटक मंडळी, झालं. तोरण्यांच्या बाजूने सांगितलं जातं की एकाच जागेवरून केलेलं चित्रण त्यांच्या मनास येईना, म्हणून त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडलं. हे खरं असेल तर आक्षेपाची धार बरीच बोथट होते. पण फिल्म उरलेली नाही. पडदा न पाहता पडद्यावर काय होतं याची शपथ दोन्ही बाजूंनी घेतली जाते, आणि इथे मी कुणाच्याही शपथेवर भिस्त ठेवायला तयार नाही.

म्हणून मी प्रश्न थोडा पुढे नेतो. समजा, ते निव्वळ नाटकाचं चित्रण होतं. मग? १९०८ मध्ये फ्रान्समध्ये कोमेदी फ्रान्सेझच्या नटांना घेऊन ड्यूक ऑफ गीझच्या हत्येवर चित्रपट निघाला. तो रंगभूमीच्या चौकटीतलाच आहे आणि फ्रेंच चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात त्याला पान आहे. त्याहून चपखल उदाहरण ‘पुंडलिक’च्याच वर्षाचं, १९१२चं. सारा बर्नहार्ट यांचा राणी एलिझाबेथवरचा चित्रपट पाहताना रंगमंच कुठे संपतो ते कळत नाही. हाच चित्रपट अॅडॉल्फ झुकर यांनी अमेरिकेत दाखवला आणि त्यावर पुढच्या मोठ्या व्यवसायाची पायाभरणी केली. त्याला नाटकाचं चित्रण म्हणून कुणी यादीतून काढलं नाही. १९१२ मध्ये जगभर चित्रपट रंगभूमीचाच हात धरून चालत होता. फाळक्यांच्या ‘हरिश्चंद्र’मध्येही तारामतीचं काम अण्णा साळुंखे करत होते, पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची रीत रंगभूमीचीच. उरलेल्या रिळातलं सुरुवातीचं कुटुंबाचं दृश्य पाहा. सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेले, राजा रविवर्म्याचं चित्र जिवंत झाल्यासारखे.

तरीही इथे फाळक्यांना त्यांचं श्रेय देणं भागच आहे, आणि मी ते मनापासून देतो. ‘हरिश्चंद्र’मध्ये राजा शिकारीला जंगलात जातो तेव्हा कॅमेराही चार भिंती सोडून बाहेर जातो. देव प्रकट होतात आणि नाहीसे होतात ते कॅमेरा थांबवून, पुन्हा चालवून साधलेल्या युक्तीने. हे रंगभूमीवर होऊच शकत नाही. फाळक्यांनी छिद्रं पाडण्यापासून छापण्यापर्यंत सगळं घरात केलं. त्यातलं कितीतरी काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या हातचं होतं. कोरी फिल्म छिद्रं न पाडलेली यायची. अंधाऱ्या खोलीत बसून ती छिद्रं पाडायची, फिल्म धुवायची आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा. पहिलं कोण याची भांडणं लढवताना या बाईंचं नाव आपण क्वचितच घेतो. चित्रपट ही एक स्वतंत्र कला आणि स्वतंत्र धंदा आहे हे ओळखून त्यासाठी घरदार लावणारे इथले पहिले गृहस्थ फाळके, यात मला शंका नाही. ‘पुंडलिक’ची नोंद केल्याने यातलं काहीच कमी होत नाही.

लांबीचा आक्षेप राहिला. आज अनेक संस्था ४० मिनिटांच्या वरच्या चित्रपटाला पूर्ण लांबीचा मानतात. त्या हिशेबाने २२ मिनिटांचा ‘पुंडलिक’ बाद आणि ‘हरिश्चंद्र’ पास. पण मूकपटाची मिनिटं मोजणं फसवं असतं. प्रोजेक्टर हाताने फिरवायचा, त्यामुळे वेग चालवणाऱ्याच्या मनगटावर. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने एक फूट एका सेकंदात जातो. ‘हरिश्चंद्र’ साधारण ३,७०० फुटांचा म्हणतात. म्हणजे या वेगाने तो एक तासाहून थोडा जास्त, आणि बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चाळीस-एक्केचाळीस मिनिटांचा. ४० मिनिटांची रेषा ‘हरिश्चंद्र’च्या अगदी पायाशी येते, ती अशी. वेग बदलला की मिनिटं बदलतात. लांबीचा निकष ठेवायचाच असेल तर मिनिटांपेक्षा फुटांत ठेवावा, आणि तसा ठेवला तर ‘पूर्ण लांबीचा पहिला’ हा मान निर्विवाद फाळक्यांचा आहे. माझा त्याला संपूर्ण पाठिंबा आहे. फक्त ‘पूर्ण लांबीचा’ हे शब्द गाळून तो मान देऊ नये.

जाहिराती काय सांगतात

‘पुंडलिक’च्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वर्तमानपत्रातला आहे. २५ मे १९१२च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची जाहिरात आहे. ती म्हणते की मुंबईतल्या जवळपास निम्म्या हिंदूंनी हे चित्र पाहिलं, उरलेल्या निम्म्यांनीही पाहावं. ही जाहिरात वादात नेहमी दाखवली जाते, आणि दाखवताना कुणी ती पारखून घेत नाही. १९११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या पुढे होती, त्यात हिंदू बहुसंख्य. निम्मे म्हणजे काही लाख माणसं. एका थिएटरात एका आठवड्यात लाखो माणसं बसणं अशक्य. आकडा फुगवलेला आहे, हे उघड आहे.

म्हणून जाहिरात खोटी ठरते का? मुळीच नाही. आता ‘हरिश्चंद्र’ची प्रसिद्ध जाहिरात घ्या. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तेही तीन आण्यांत, असं ती सांगते. सत्तावन्न हजारांना सोळाने भागा. उत्तर साडेतीन हजार फुटांच्या किंचित वर येतं, म्हणजे छायाचित्रांचा आकडा खऱ्याच्या अगदी जवळ आहे. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट. खरी लांबी पाऊण मैलही भरत नाही. एकाच जाहिरातीत एक आकडा चोख, दुसरा तिप्पट फुगवलेला. अशा जाहिरातींचा उपयोग नेमका कशाला करायचा हे इथे दिसतं. चित्रपट होता, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी लागला होता, त्याला गर्दी झाली होती, एवढं जाहिरातीवरून खात्रीने धरता येतं. गर्दी किती, याला जाहिरात पुरावा नाही.

‘हरिश्चंद्र’च्या मे १९१३च्या जाहिरातीत भारतात तयार झालेली पहिली फिल्म असाही दावा होता. फाळक्यांचा पक्ष मांडणारे त्यावर बोट ठेवतात. हा दावा त्याच कॉरोनेशनमधल्या खेळासाठी केलेला आहे, जिथे वर्षभरापूर्वी ‘पुंडलिक’ चालला होता. दावा करणाऱ्यांना ‘पुंडलिक’ माहीत नसणं शक्य नाही. त्यांच्या दृष्टीने फिल्म इथेच धुऊन, इथेच छापून तयार होणं हीच मोठी गोष्ट होती, आणि ते दिवस स्वदेशीचे होते. त्या अर्थाने दावा खरा आहे. त्यातून ‘पुंडलिक’ झालाच नव्हता असा अर्थ काढणं मात्र चुकीचं. त्या जाहिरातीत ‘हरिश्चंद्र’बरोबर मिस आयरीन डेलमार यांचं नृत्य आणि पायांनी कसरती करणारा अलेक्झांडरही आहेत. चित्रपट हा तेव्हा करमणुकीच्या ताटातला एक पदार्थ होता. पहिला आला की दुसरा आला याची पुढे शंभर वर्षं चर्चा होईल, हे तिथल्या कुणाच्या गावीही नसेल.

सरकारी कागद या प्रकरणात कामाला येत नाहीत. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८चा, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथली सेन्सॉर मंडळं १९२० मध्ये आली. त्याआधीच्या चित्रपटांची लांबी, कर्ते, तारीख अशी कसलीच सरकारी नोंद नाही. म्हणजे ‘पुंडलिक’ आणि ‘हरिश्चंद्र’ दोघेही वर्तमानपत्रं आणि आठवणी यांच्याच आधारावर उभे आहेत.

तोरण्यांची बाजू जिथे लंगडी पडते

‘पुंडलिक’चं एक फूटही उरलेलं नाही. ‘हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरापर्यंत जाऊन ती मिळवली. (जे उरलं ते १९१३चं नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं आहे, असं काही अभ्यासक मांडतात, त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं असं आहे.) फिल्म उरली नाही म्हणून मान नाकारायचा, हे तत्त्व मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९०६च्या, केली या दरोडेखोर टोळीवरच्या चित्रपटाचे तुकडेच उरलेत, तरी युनेस्कोने २००७ मध्ये त्याला जगातली पहिली पूर्ण लांबीची कथा म्हणून जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. कलकत्त्याच्या हिरालाल सेन यांचं काम १९१७च्या आगीत जळून गेलं. त्यांनी ‘पुंडलिक’च्या कितीतरी आधी क्लासिक थिएटरच्या नाटकांची दृश्यं चित्रित केली होती. तोरण्यांचा दावा मांडणाऱ्यांनी सेन यांचंही नाव घ्यायला हवं आणि ते बरेचदा घेतलं जात नाही, ही माझी तक्रार आहे. फाळक्यांच्या नावाखाली तोरण्यांवर अन्याय झाला म्हणायचं आणि कलकत्त्याकडे पाहायचं नाही, हे बरोबर नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक. ‘पुंडलिक’ हे तोरणे, चित्रे, टिपणीस, कीर्तिकर आणि जॉन्सन यांचं मिळून झालेलं काम आहे. त्यातून एकट्या तोरण्यांना काढून ‘दिग्दर्शक’ म्हणणं ही पुढच्या काळाची रीत मागे लावणं होतं. १९१२च्या मुंबईत नाटक मंडळीचा मालक, तालीम मास्तर, पैसे घालणारा आणि कॅमेरा फिरवणारा यांची कामं आजच्यासारखी वेगळी झालेली नव्हती. कल्पना आणि धडपड तोरण्यांची होती, हे मला मान्य आहे. पण ‘पहिला दिग्दर्शक’ ही पदवी देताना सावधपणे द्यावी, आणि चित्रे यांचं नाव सोबत असावं. कॉरोनेशनशी संबंध असलेले हेच नानासाहेब चित्रे. ‘पुंडलिक’मागे पैसा उभा करणारा आणि ‘हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपर्यंत नेणारा माणूस एकाच वर्तुळातला आहे, आणि दोन्ही गट एकमेकांच्या विरोधात उभे करून आपण तोच पुसतो.

मग पारडं एवढं एका बाजूला का गेलं? माझ्या मते फाळक्यांनी स्वतःची गोष्ट स्वतः लिहिली, हे मोठं कारण. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लेखमाला लिहिली. ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून त्या जागी राम-कृष्ण दिसणं, डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जायची वेळ येणं, दागिने गहाण पडणं, कुंडीतल्या रोपाच्या वाढीचं चित्र काढून भांडवलदाराला पटवणं. वाचणारा विसरू शकत नाही अशी ती कहाणी आहे, आणि त्यातली वेदना खरी आहे. १९२७-२८च्या सिनेमॅटोग्राफ चौकशी समितीपुढे त्यांनी साक्षही दिली. १९३९ मध्ये मुंबईत चित्रपट व्यवसायाचा रौप्यमहोत्सव झाला, तो मोजला गेला ‘हरिश्चंद्र’पासूनच. म्हणजे सुरुवातीचं वर्ष फाळके हयात असतानाच व्यवसायाने ठरवून टाकलं होतं. १९४४ मध्ये ते नाशिकला वारले, तोवर व्यवसाय त्यांना जवळजवळ विसरला होता. पुढे पुरस्कार आला, १९७१चं टपाल तिकीट आलं, गोरेगावच्या चित्रनगरीला नाव मिळालं. प्रत्येक पायरीने आधीची पायरी पक्की केली. यात कुणाचा कट नव्हता. हयातीत उपेक्षा सोसलेल्या माणसाला देशाने उशिरा दिलेला तो न्याय होता. त्या न्यायाच्या आड दुसरा माणूस गेला, एवढंच.

‘पुंडलिक’नंतरचे तोरणे

या वादाचा मला सर्वांत जास्त त्रास होतो तो इथे. ‘पहिला की नाही’ या एका प्रश्नाने तोरण्यांचं १९१२ नंतरचं सगळं आयुष्य गिळलं आहे. त्यांच्यावर लिहिलेलं बरंचसं वाचून झालं की बावीस वर्षांचा एक तरुण आठवतो, आणि नंतरची तीस-पस्तीस वर्षं अंधारात राहतात.

नोकरीने त्यांना कराचीला नेलं. तिथे बाबूराव पै भेटले आणि परदेशी चित्रपट आणून दाखवण्याच्या धंद्याची बाजू ते शिकले. मुंबईत परतल्यावर १९२९च्या सुमारास मूव्ही कॅमेरा कंपनी काढली आणि कॅमेरे, यंत्रं, पुढे ध्वनिमुद्रणाची सामग्री स्टुडिओंना पुरवायला लागले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटांची दुकानं पाहता पाहता बंद पडू लागली, तेव्हा यंत्र कोण आणून देतो, कोण जोडून देतो, बिघडलं तर कोण दुरुस्त करतो, यावर स्टुडिओचं जगणं-मरणं ठरत होतं. तोरणे त्या साखळीत मोक्याच्या जागी होते. असं काम श्रेयनामावलीत कधी दिसत नाही.

१९३१ मध्येच त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन उभी केली. पहिला बोलपट ‘श्यामसुंदर’, १९३२चा, दिग्दर्शक भालजी पेंढारकर, कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक, सोबत शांता आपटे. दोघंही तेव्हा कोवळ्या वयाची. हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या पलीकडे गेला. भारतीय बोलपटाचा पहिला रौप्यमहोत्सव म्हणून त्याची नोंद होते. पुढे ‘आवारा शहजादा’त शाहू मोडकांनी दुहेरी भूमिका केली. प्रभातच्या झगझगाटात पुण्याचं हे दुसरं घर झाकोळून गेलं, पण शांता आपटे प्रभातला पोहोचण्याआधी सरस्वतीत होत्या, हे विसरता येणार नाही. १९ जानेवारी १९६० रोजी तोरणे पुण्यात वारले.

हा आलेख फाळक्यांच्या आलेखाशेजारी ठेवला की एक फरक डोळ्यांत भरतो. फाळके बोलपटाच्या लाटेत मागे पडले. ‘सेतुबंधन’ मूक म्हणून सुरू झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. ‘गंगावतरण’ १९३७चा, तोच शेवटचा. तोरणे त्या लाटेवर स्वार झाले, कारण ते यंत्राच्या आणि व्यापाराच्या अंगाने चित्रपटाकडे बघत होते. एकाला कलावंताचा वेध होता, दुसऱ्याला बांधकामाचा. तोरण्यांचा खरा वारसा या दुसऱ्या अंगात आहे, असं मला वाटतं, आणि त्यांचे पक्षकार ‘पुंडलिक’च्या तारखेवर जेवढी शक्ती खर्च करतात तिच्या निम्मी जरी सरस्वती सिनेटोनवर लावली तरी मराठी चित्रपटाचा इतिहास कितीतरी भरीव होईल.

नोंद कशी असावी याबद्दल माझं मत असं. ‘पुंडलिक’, १८ मे १९१२, मुंबई : भारतात सार्वजनिकरीत्या दाखवलेला, उपलब्ध पुराव्यानुसार पहिला भारतीय कथापट, कर्ते तोरणे, चित्रे आणि सहकारी, चित्रण जॉन्सन, फिल्म लंडनमध्ये धुतलेली, प्रत उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबई : संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट, कर्ते दादासाहेब फाळके. हिरालाल सेन आणि सावेदादा यांची नोंद या दोघांच्या वर, त्यांच्या कामाच्या स्वरूपासह. अटी लिहायला तीन-चार ओळी जास्त लागतील. इयत्ता आठवीचा मुलगाही त्या समजू शकतो.

आणि शोध थांबलेला नसावा. आजवर बहुतेकांनी इंग्रजी दैनिकांच्याच मे १९१२च्या अंकांवर काम भागवलं आहे. त्या महिन्याची मराठी आणि गुजराती वर्तमानपत्रं मुंबई-पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत बांधीव खंडांत आहेत. गिरगावातला खेळ म्हटल्यावर त्यांत परीक्षण, वाचकाचं पत्र, निदान एखादी छोटी जाहिरात असण्याची शक्यता मोठी आहे. नाटक मंडळ्यांच्या हिशेबवह्या आणि पत्रव्यवहार अजूनही घरोघरी माळ्यावर पडलेले असतात. असा एखादा कागद तोरण्यांचं ‘तुकड्यातुकड्यांनी चित्रण’ खरं ठरवू शकतो किंवा कायमचं खोडूनही काढू शकतो. खंडांचे कागद हात लावला की तुटतात, इतके जुने झालेत. त्यांच्या डिजिटल प्रती आधी व्हाव्यात, मग पुन्हा भांडू.